कार्ड नंबर चारशे बारा

बासष्ट वर्षांच्या बाईला एका वर्षात तीनदा दिवस गेले असं कुणी सांगितलं, तर ऐकणारा आधी हसेल आणि मग सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेईल. पण इथे सांगणारा आरोग्य खात्याचा कागद होता, त्यावर गोल शिक्का होता, आणि कागदाच्या तोंडाचा वास घेता येत नाही.

सिस्टरताईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. वस्तीतल्या त्या दवाखान्यात खोल्या दोनच. पुढची तपासणीची, मागची औषधांची. मधल्या दारात उभं राहिलं की दोन्हीकडचं दिसतं, म्हणून गेली अकरा वर्षं त्यांची जागा तिथेच. कागद म्हणत होता: कार्ड नंबर चारशे बारा, स्त्री, वय बासष्ट. चालू वर्षात नोंदलेल्या तक्रारी अशा. गरोदरपणातल्या उलट्या, तीन वेळा. दात येताना होणारे जुलाब. हर्निया. पुरुषांना उतारवयात होणारा लघवीचा त्रास. शाळेत पडून फुटलेली हनुवटी. एकूण तक्रारी पाचशे सात. याचा खुलासा व्हावा. नियोजन अधिकारी बुधवारी समक्ष येतील.

"पाचशे सात!" कंपाउंडरने मागून मान लांब करून वाचलं. "एवढं सगळं अंगावर घेऊन मावशी दर बुधवारी टुणटुणीत चालत येतात. म्हणजे ताई, आपलं औषध भलतंच गुणकारी आहे."

"गप्प बसा हो. माझ्या पोटात गोळा आलाय आणि तुम्हाला सुचतंय काय."

"गोळा? लिहू का चारशे बारावर?"

ताईंनी दुसरा कागद उलटला आणि कंपाउंडरची थट्टा जागच्या जागी थांबली. तो होता पुढच्या पाच वर्षांचा आराखडा. कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमधली आरोग्यसेवा सुधारण्यासाठी, असं वर ठळक अक्षरात होतं, आणि सुधारणेची पहिलीच पायरी अशी होती: ज्या दवाखान्यात रोज चाळीसपेक्षा कमी रुग्ण येतात, ते बंद करून मोठ्या रुग्णालयात सामावून घ्यावेत. दवाखाना क्रमांक सात, रोजची सरासरी अकरा. शुक्रवारच्या बैठकीत निर्णय.

मोठं रुग्णालय म्हणजे दोन बस बदलून जायचं. तिथली केसपेपरची रांग पाहून धडधाकट माणसाचीही नाडी जलद चालते.

आता हे चारशे बारा काय प्रकरण होतं, ते सांगायला हवं.

वस्तीतली सगळी माणसं रोजंदारीवरची. कुणी बांधकामावर, कुणी गोदामात, कुणी दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी करणारं. दवाखान्याची वेळ दहा ते दोन, आणि दहा ते दोन वस्तीत फक्त मांजरं असतात. दवाखान्यात जायचं म्हणजे त्या दिवसाचं काम बुडवायचं. तेव्हा गल्लीगल्लीने आपला तोडगा काढला होता. ज्याला ज्या दिवशी सुट्टी, त्याने त्या दिवशी सगळ्या गल्लीची दुखणी घेऊन जायचं. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत चौदा घरं, आणि त्यांची सुट्टीवाली होती टपालमावशी. ती लाँड्रीत इस्त्री करायची आणि लाँड्री बुधवारी बंद. नाव काहीही असो, सगळ्यांची दुखणी पोचवते म्हणून ती टपालमावशी, आणि तिलाही ते नाव मानाचं वाटे.

पहिल्यांदा ती नऊ जणांचे निरोप घेऊन आली, तेव्हा ताईंनी तिला झापलं होतं. "मावशी, ताप काय डब्यात भरून आणता येतो का? माणूस पाठवा." माणूस आला नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा मावशीच. तिसऱ्या बुधवारी ताईंनी हात टेकले आणि निरोपांची निवड करायला बसल्या. घरच्या घरी निभावेल त्याला नीट समजावून सल्ला. ज्यांना मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आधी तपासून गोळ्या ठरवून दिल्यात, त्यांच्या त्याच गोळ्या, पुन्हा न तपासता. आणि ज्या निरोपाने छातीत धस्स झालं, त्या घरी दवाखाना बंद झाल्यावर ताई स्वतः पिशवी घेऊन जायच्या.

नोंदवहीचा नियम मात्र कडक. दारातून आत आलेल्या माणसाचंच नाव लिहायचं, त्याच्याच कार्डावर. ताई नियमाच्या पक्क्या. त्यांनी प्रामाणिकपणे सगळं मावशीच्या कार्डावर लिहिलं. खोटं नाव घालायचं पाप नको म्हणून खरं नाव घातलं, आणि त्या खऱ्या नावावर नऊ वर्षं साऱ्या गल्लीचा संसार चढत गेला. बाकीच्या गल्ल्यांचंही तसंच. रोजचे अकरा रुग्ण म्हणजे रोजचे अकरा निरोपे होते.

त्या संध्याकाळी ताईंनी घरी पोळ्या लाटताना सगळं सांगितलं. नवरा बस डेपोत मेकॅनिक. बिघाड ऐकला की त्याला लगेच पाना सुचतो.

"अगं, सोपं आहे. कार्डांची सरमिसळ झाली म्हणून सांग. घाईत दुसऱ्याचं ह्याच्यावर लिहिलं गेलं. कोण विचारतंय?"

"अहो, मग अकरा ते अकराच राहतात. दवाखाना जातो."

"आणि खरं सांगितलंस तर?"

"तर लोक पुष्कळ आहेत हे कळेल. पण न तपासता गोळ्या दिल्या हेही कळेल. मग माझी नोकरी जाईल."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना ऐकू कमी येतं असा घरातला समज होता, आणि तो समज त्यांनी मोठ्या कष्टाने जपला होता.

"सूनबाई, देवाला विचारलंस का?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही म्हणाला."

"म्हणजे तुला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या आणि आणखी एक पोळी मागून घेतली.

बुधवारी अधिकारी आले ते दहाच्या ठोक्याला. पस्तिशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात लॅपटॉप. त्यांनी तो तपासणीच्या टेबलावर उघडला. पडद्यावर रकानेच रकाने. कंपाउंडरने ते पाहिलं आणि तिथल्या तिथे बारसं उरकलं. मागच्या खोलीत जाऊन तो ताईंच्या कानात म्हणाला, "तक्तेसाहेब."

तक्तेसाहेब माणूस वाईट नव्हते. तपासणीच्या स्टुलावर नीट बसताही येत नव्हतं त्यांना, तरी तक्रार नाही. त्यांनी चारशे बारा नंबरचं कार्ड मागितलं. एक कार्ड नव्हतंच ते. एकाला एक जोडत गेलेली सव्वीस कार्डं, दोऱ्याने ओवलेली. साहेबांनी ती उलटसुलट पाहिली.

"सिस्टर, हे बघा," त्यांनी आवाज खाली आणला. "मला शुक्रवारी अहवाल द्यायचाय. कामाच्या घाईत कार्डांची अदलाबदल झाली असणार, नाही का? मी तसंच लिहितो. लेखनातली चूक. तुम्हाला काही होणार नाही, मलाही पुढे जाता येईल."

पेन कागदावर टेकलेलं होतं. समोरून आयता रस्ता, तोही साहेबांनीच झाडून दिलेला. ताईंनी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

"चूक नाही साहेब. एकही ओळ चुकीची नाही. फक्त कार्ड एक आहे आणि माणसं चौदा घरची आहेत."

पेन उचललं गेलं.

ताईंनी सगळं सांगितलं. नियम कुठे पाळला, कुठे वाकवला, कुठे पार मोडला. साहेब ऐकत गेले तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा सौम्यपणा ओसरत गेला. ते काही बोलणार तेवढ्यात दारातून मावशी आत आली. बारीक चणीची, पदर खोचलेला, कपाळावर घाम. स्टुलावर कोण बसलंय तिने पाहिलंही नाही.

"सिस्टर, लिहायला घ्या, आज बरंच आहे." आणि तिने डोळे मिटले.

आता बघा, एखादे बुवा कथेत एकट्याने राजा, राणी, प्रधान आणि प्रधानाचा घोडासुद्धा उभा करतात, तशी ती मावशी. डावा हात कमरेवर गेला आणि आवाज घोगरा झाला. "'रात्री तीनदा उठावं लागतं, पण बायकोला सांगू नका.' हा पहिल्या घरचा हमाल. त्याच्या बायकोनेच सांगितलंय, 'ते तीनदा उठतात, मला ठाऊक नाही असं त्यांना वाटतं.'" मान दुसरीकडे वळली, नाक चोंदलं. "'बावशी, डाक वाहतंय.' हे पोरगं, तिसरं घर. चार दिवस. ताप नाही, मी हात लावून पाहिला." मग दोन्ही हात पोटाखाली धरून ती पुढे वाकली आणि एक पाय ओढत दोन पावलं चालली. "हा गवंडी. ओझं उचललं की गोळा बाहेर येतो. पूर्वी झोपलं की आत जायचा, आता जात नाही म्हणतो."

"कधीपासून जात नाही?" ताईंचा आवाज एकदम बदलला.

"काल सकाळपासून."

"उलटी? पोट फुगलंय?"

"उलटी नाही. फुगल्याचं बोलला नाही बाई."

"आत्ता कुठे आहे तो?"

"कामावर."

ताईंनी कंपाउंडरकडे पाहिलं आणि तो चप्पल घालून निघालासुद्धा. अशा वेळी त्याची थट्टा कुठे जायची देव जाणे. त्याने गवंड्याला बांधकामावरून उचलून थेट मोठ्या रुग्णालयात नेलं, तिथून फोन केला की डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत, दुपारीच ऑपरेशन आहे. पण तो फोन यायला दोन तास होते. ते दोन तास तक्तेसाहेब खिडकीशी उभे होते.

"सिस्टर, हा माणूस आज निरोप द्यायला विसरला असता तर? मावशींनी उरलेलं सांगितलं आणि हे सांगायचं राहिलं असतं तर?"

"तर गेला असता," ताई म्हणाल्या. "मला हे नऊ वर्षं माहीत आहे साहेब. दर बुधवारी जीव मुठीत धरून ऐकते मी. तुम्हाला काय वाटतं, मला हा खेळ आवडतो? मला ती माणसं इथे, या दारात हवीत. ती येत नाहीत कारण आपण उघडतो तेव्हा ती नसतात आणि ती परततात तेव्हा आपण कुलूप लावलेलं असतं."

"मग वेळ बदला म्हणून लिहिलं का नाही?"

"सात वेळा लिहिलं." ताईंनी कपाटातून सात पत्रांच्या प्रती काढल्या. "उत्तर एकदाच आलं. 'रुग्णसंख्या पाहता गरज दिसत नाही.'"

साहेबांनी प्रती घेतल्या, वाचल्या, आणि स्टुलावर परत बसले. या वेळी जरा सैल. फोन आल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला.

"मावशी, तुमच्या गल्लीत कोण किती वाजता घरी येतं, सांगता येईल?"

"न सांगायला काय झालं? कोण कुणावर चिडून येतं तेही सांगते."

"ते नको. वेळ सांगा."

कागद पुरेना म्हणून ताईंनी सलाइनचं रिकामं खोकं उसवून पसरलं. त्याच्या आतल्या कोऱ्या बाजूवर साहेबांनी रकाने आखले. सवय कुठे जाते! मावशी सांगत गेली, कंपाउंडर परत येऊन भर घालत गेला. गोदामवाले साडेपाचला, बांधकामवाले सहाला, धुण्याभांड्याच्या बायका दुपारी चार ते पाच मोकळ्या आणि मग पुन्हा सातनंतर. दवाखाना आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी उघडा ठेवायचा. प्रत्येक गल्लीचा निरोप्या बंद नाही करायचा, त्याला शिकवायचा. कोणत्या लक्षणाला एक क्षणही थांबायचं नाही, ते चित्रांच्या पाटीवर. आणि निरोपांची वही वेगळी, म्हणजे आलेला आलेल्यात आणि निरोप निरोपात. खोक्याचा कोपरान्कोपरा भरला.

"पाच वर्षांचा आराखडा करायला आम्हाला आठ महिने लागले," साहेब खोक्याकडे बघत म्हणाले.

"आमच्याकडे या की," मावशी म्हणाली. "बुधवारी. इतर दिवशी मला वेळ नसतो."

जाताना मात्र ते दारात थांबले. "सिस्टर, मी हे मांडीन. पण न तपासता औषधं दिल्याचंही लिहीन. ते मला लपवता येणार नाही."

"लपवू नका," ताई म्हणाल्या. त्यांनी खोक्याची घडी घातली आणि ती साहेबांच्या हातात दिली.

शुक्रवारी चारला बैठक. मुख्य कार्यालयाचा तिसरा मजला, लांबलचक टेबल, मध्यभागी मोठ्या मॅडम. आरोग्य खात्याच्या प्रमुख. केस पांढरे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि बोलणं असं की समोरच्याला आपली चूक आठवावी. ताई मागच्या रांगेत बसल्या होत्या. साहेबांनी खोकं टेबलावर पसरून सगळं सांगितलं. ताईंनी काय केलं तेही, एक शब्द न गाळता.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "सिस्टर, परवानगी कुणाची होती?"

"कुणाची नाही, मॅडम."

"अकराचे शंभर होतात हे तुमचं म्हणणं. कागदावर तर एकच बाई आहे. बाकीची माणसं आहेत कशावरून?"

तेवढ्यात दाराबाहेर पावलं वाजली, खूप पावलं. शिपाई "अहो थांबा, थांबा" म्हणत मागे मागे आत आला आणि त्याच्यामागून टाकीमागची गल्ली. अकरा माणसं. डोक्यावरची हेल्मेटं काखेत, कुणाच्या अंगावर गोदामाचा निळा शर्ट, एकीच्या हाताला अजून साबणाचा वास. सगळ्यांनी अर्धा दिवस बुडवला होता. नऊ वर्षांत दवाखान्यासाठी जे केलं नाही ते, दवाखाना जातोय म्हटल्यावर केलं होतं. शेवटी मावशी. ती आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

मॅडमनी पहिल्याच माणसाकडे बोट केलं. "तुम्ही. तुमची काय तक्रार?"

हमाल. खांदे दारात मावणार नाहीत एवढे. तो लालबुंद झाला, बायकोकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि मग मान वळवून म्हणाला, "मावशी, सांग ना."

मॅडम दुसरीकडे वळल्या. "तुम्ही?"

"मला ते... मावशी, काय म्हणतात त्याला?"

"तुम्हाला?"

"मावशीला ठाऊक आहे."

अकराच्या अकरा माना दाराकडे. नऊ वर्षांत कुणी स्वतःचं दुखणं स्वतःच्या तोंडाने सांगितलंच नव्हतं. सवय मोडून गेली होती. टेबलाशी बसलेल्यांपैकी कुणीतरी खोकल्याच्या आड हसलं.

"मावशी, सांगा की," मॅडमही म्हणाल्या आणि आपणही त्याच रांगेत गेलो हे लक्षात येऊन त्यांनी चष्मा वर सरकवला.

"आज मी कुणाचंच सांगणार नाही," मावशीने ठणकावलं. "आज बुधवार नाही. तोंड दिलंय ना देवाने? बोला की! मी मेल्यावर काय करणार आहात, मला उठवायला येणार?"

मग हमालाची बायको पुढे झाली. "मॅडम, ह्यांना रात्री तीनदा उठावं लागतं."

"तुला माहीत होतं?" हमाल थक्क.

"चार वर्षं."

आणि मग बांध फुटला. एकाने सांगितलं की दुसरा, दुसऱ्याला अडवून तिसरी. गोळ्या संपल्या की आठवडाभर गरगरतं. पोटातलं बाळ हललेलं कळतं पण तपासायला यावं कधी. पाठ, डोळे, खोकला, झोप. शिपायाने सुद्धा मध्येच आपल्या टाचेचं सांगून घेतलं. तक्तेसाहेब भराभर लिहीत होते, आणि मॅडमनी आपल्यासमोरचा कोरा कागद ओढून घेतला होता.

"आणि तुम्हाला?" शेवटी त्यांनी मावशीला विचारलं. "पाचशे सात तक्रारी आहेत तुमच्या नावावर. त्यातली तुमची कोणती?"

जी बाई चौदा घरांची कळ नक्कल करून दाखवायची, तिला स्वतःची सापडेना. "माझं काय..." ती म्हणाली. "दिवसभर उभं राहून इस्त्री. गुडघे असतील. बहुतेक गुडघेच."

ताई उठल्या आणि तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं. नऊ वर्षांत हे एकदा तरी विचारायला हवं होतं, हे त्यांना त्या क्षणी इतकं लागलं की डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले आणि तिथेच मावशीचा पाय उचलून गुडघा दाबून पाहिला.

"सिस्टर, बैठक चालू आहे," मॅडम म्हणाल्या.

"हो मॅडम. पण ही आज आलीय."

मग मॅडमनी आराखड्याचं ते पान काढलं आणि दवाखाना क्रमांक सातवर आडवी रेघ मारली. "एक वर्ष. चार दिवस संध्याकाळी सहा ते नऊ. शेजारी निरोपांची वही. वर्षाने मला या दारात माणसं दिसली पाहिजेत, निरोप नकोत. यादीतले बाकीचे सहा दवाखाने कधी उघडतात आणि त्या वस्त्या कधी घरी येतात, तेही आधी तपासा. आठ महिने आपण आकडे मोजले, घड्याळ कुणीच पाहिलं नाही." त्यांनी ताईंकडे पाहिलं. "आणि तुम्हाला लेखी ताकीद मिळेल. न तपासता औषध यापुढे नाही. ती तुमच्या फाईलला राहील."

नोकरी गेली नव्हती. ताईंना ते समजायला क्षणभर लागलं. समजलं तेव्हा त्यांच्या तोंडून विचार न करताच निघून गेलं, "द्या मॅडम. फक्त संध्याकाळी सहानंतर पाठवा. सकाळी दवाखान्यात आता घ्यायला कुणी नसणार."

पहिल्यांदा मॅडम हसल्या. मग टेबल हसलं, मग गल्ली.

खाली उतरताना तीन मजले भांडण चाललं होतं. सोमवारी संध्याकाळी पहिला नंबर कुणाचा. हमाल म्हणत होता त्याचा, कारण तो सगळ्यात जास्त वेळा उठतो. त्याची बायको म्हणत होती, उठतोस तू, पण जागी मी असते. मावशी सगळ्यांच्या मागून, कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत होती, आणि ताई तिच्यासोबत एकेक पायरी थांबत होत्या.